शुभेच्छुक

जिन्याखालचं दुकान माझं, पार्कसाइटच्या चढावर.
चौरस फुटाला अठरा रुपये, रिंगा वेगळ्या.
निकालाच्या आठवड्यात झोप नसते:
नव्वद टक्के, त्र्याण्णव टक्के,
आणि खाली नेत्यांचे चेहरे, पदाच्या चढत्या क्रमाने,
खांद्याला खांदा चिकटवून.

दुपारी शेवंता खरटमल आल्या.
बँकेत फरशी पुसतात, ओळखपत्र गळ्यातच होतं.
हॉल तिकिटावरचा फोटो काढून ठेवला,
मुलीच्या हनुवटीवर कॉलेजचा गोल शिक्का.
"बॅनर करायचाय. तेजल बारावी झाली."
टक्के किती, मी विचारलं. अक्षरांचा आकार त्यावर ठरतो.
"बेचाळीस. पण ते नका टाकू.
तीन वर्षं लागली, ते टाका."

माउसवरचा हात मी काढून घेतला.
बेचाळिसाचा कसला आलाय सोहळा?
वीस मजली इमारतीत
जिन्याने पहिल्या मजल्यावर पोचलेल्या माणसाला
कोणी हार घालतं का?
लिफ्टने गेलेले वरून हात हलवतायत,
त्यांचेही बॅनर मीच छापलेत.

माझ्या निकालाच्या दिवशी
बाबा रात्रपाळीहून आले होते,
बनियन पिळून दोरीवर टाकत होते.
म्हटलं, पास झालो.
ते म्हणाले, "मग?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.
सव्वीस वर्षं झाली.
दुसऱ्यांची अभिनंदनं जुळवता जुळवता
अधूनमधून मी त्याचं उत्तर जुळवून बघतो.
ओळ भरत नाही.

शिक्का पुसायला तास गेला.
हनुवटी गालातून उचलून नव्याने लावली.
खालची पट्टी मोकळी राहत होती.
नेते नकोत, बाई म्हणाल्या.
मग शुभेच्छुक कोण?
त्या बोटं मोडत सांगू लागल्या, मी टाइप करत गेलो:

खोली नंबर सतरा, फेब्रुवारीभर टीव्ही हळू ठेवला.
रद्दीवाला इक्बाल, गाइडं किलोच्या भावात दिली.
बँकेतल्या पाटणकर मॅडम, ताळेबंद दोनदा समजावला, डबा बाजूला सारून.
नळावरची रांग, हंडा पुढे घेतला.

"आणि तिचे वडील?"
त्या पंख्याकडे बघत राहिल्या थोडा वेळ.
"लिहा. पहिल्या वर्षाची फी भरली होती."

संध्याकाळी मुलगीच आली, एकटी.
"दादा, बिघडवता येईल का?
म्हणजे मशीन बंद पडलं, शाई संपली, असं काहीतरी.
लोक टक्केच विचारणार ना.
मी ज्यांची कुत्री फिरवते त्या टॉवरमधली पोरं तर..."
तेवढ्यात तिची नजर स्क्रीनवर गेली.
प्रश्नपत्रिका वाचतात तशी, ओठ हलवत,
तिने यादी वाचली. परत वरून वाचली.
"सतरा नाही," म्हणाली, "अठरा.
सतरावाले उलट भांडायचे."
मी खोडून अठरा केलं.
ती गेली नाही. चपलेने उंबऱ्याची कड कुरतडत राहिली.
"आणि 'तीन वर्षं लागली' नको.
'तिन्ही वेळा परीक्षेला बसली', असं लिहा."

तीन बाय दोन. रिंगा चार.
रिंगांचे पैसे मी लावले नाहीत.

चार दिवसांनी पालिकेची गाडी आली,
नाक्यावरचे सगळे त्र्याण्णव टक्के
गुंडाळून घेऊन गेली.
खरटमलांचा गल्लीच्या आत होता, वाचला.

परवा शेवंताबाई भेटल्या.
म्हणाल्या, पत्र्याखाली बांधलाय आता, गळतं तिथे,
अक्षरं घरात करून.
रात्रभर पाणी साचतं, मधोमध पोट येतं
आणि सकाळी अंथरुणातून बघितलं
की 'तिन्ही वेळा' एवढं मोठं दिसतं.